घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ

माझी मोठी जाऊ गेली पंधरा वर्षं गॅसवर भाकऱ्या करते. तुम्ही मात्र तिला मोबाइलवर पाहिलंत तर ती चुलीपुढे बसलेली दिसेल. ती चूल तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुद्दाम घालून घेतली आहे. त्याचं चॅनल आहे, गावाकडचं जगणं दाखवणारं. त्यासाठी जाऊ नऊवारी नेसते. एरवी ती घरात गाऊनवर असते आणि गाऊनवर टॉवेल टाकून दळणालाही जाते, पण ते बहुधा गावाकडचं जगणं नसावं. भाकरी फुगली नाही की पुतण्या म्हणतो, "आई, परत." मग दुसरी भाकरी, मग तिसरी. न फुगलेल्या भाकऱ्या म्हशीला जातात. एकदा धुरानं जावेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर हा म्हणतो, "पुसू नको गं, लई भारी दिसतंय." मी तिच्या जागी असते तर उलथनं फेकून मारलं असतं. जाऊ हसली आणि तिनं पदर नीट केला.

आमच्या राजुरीच्या शिवारात आता कुठलीच गोष्ट नुसती होत नाही, ती आधी दिसते आणि मग होते. लग्नात अक्षता पडायच्या वेळी नवरा-नवरी कुठे आहेत ते मांडवातल्या लोकांना दिसत नाही, कारण पुढे सात-आठ जण हात वर करून उभे असतात. आम्ही लांबून नवऱ्याच्या फेट्याच्या तुऱ्यावर अक्षता टाकतो. दशक्रियेला तर पूर्वीपासून पुढाऱ्यांची भाषणं असतातच. माणूस गेला त्याच्याविषयी दोन वाक्यं आणि बाकी धरणाच्या पाण्याविषयी. आता त्या भाषणांचं थेट प्रक्षेपण होतं. मागच्या वर्षी पिंपळवंडीला एका दशक्रियेत मी ऐकलं, चॅनलवाला माइकवाल्याला सांगत होता, "भाऊ, श्रद्धांजली जरा थांबवा, रेंज गेलीये." आणि श्रद्धांजली थांबली. मयताच्या घरचे लोक तसेच हात जोडून बसून राहिले, रेंज येईपर्यंत.

ओढ्याच्या वळणावर टोमॅटोचा टेंपो उलटला तेव्हा ड्रायव्हर आत अडकला होता आणि बाहेर पाच जण त्याला वेगवेगळ्या बाजूंनी टिपत होते. त्याला ओढून काढलं ते शाळेतल्या दोन शिपायांनी. त्यांच्याकडे साधे फोन होते, एवढंच त्यांचं मोठेपण.

मी हे सगळं नावं ठेवत ठेवत बघते, हेही सांगून टाकते. दुपारची भांडी झाली की मी पडल्या पडल्या फोन घेते आणि कोणाची तरी वांग्याची भाजी, कोणाचं तरी भांडण, कुठल्या तरी देशातल्या बाईचं घर आवरणं असं बघत जाते. पाठ टेकताना पाच मिनिटं म्हणते आणि उठते तेव्हा चहाची वेळ टळलेली असते. पण बघणारे वेगळे आणि करणारे वेगळे, असा माझा ठाम समज होता. करणाऱ्यांना अक्कल नाही आणि मला आहे, असाही समज होता. गेल्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या वेळी तो समज पार धुळीला मिळाला.

आमचा ऊस विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. तोडीला पाथर्डीकडची टोळी आली होती, बैलगाड्या घेऊन. सहा जोडपी, त्यांची पोरं, बैल, दोन शेळ्या आणि एक तांबडं कुत्रं. कालव्याकडेच्या आमच्या पडीक तुकड्यात त्यांनी कोप्या घातल्या. कोपी म्हणजे बांबूच्या कमानीवर टाकलेलं ताडपत्रीचं खोपटं. आत वाकून जायचं आणि दाराच्या जागी फाटकं पोतं. त्यातली एक बाई रोज सकाळी आमच्या हौदावर पाणी भरायला यायची. पंचविशीची असेल. तिची चार वर्षांची मुलगी कमरेला धरून सोबत यायची आणि माझ्याकडे बघत हौदाची कड चाटायची. का चाटायची देव जाणे. "हिला मिठाची चव लागती," असं तिची आई म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. मी पोरीला गुळाचा खडा द्यायचे. बोलणं एवढंच, पण रोज.

आमच्या भागात बिबट्याचं नवल कोणाला नाही. संध्याकाळी कुत्री आत घ्यायची, गवत कापताना एकीनं उभं राहायचं, पोरांनी शाळेतून घोळक्यानं यायचं, हे आता अंगवळणी पडलं आहे. आणि उसात पिल्लं सापडली तर काय करायचं, हेही शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तोड थांबवायची. तेवढा तुकडा उभा ठेवायचा. वनखात्याला फोन करायचा. ती माणसं येऊन पिल्लं तपासतात आणि दिवस कलताना टोमॅटोच्या कॅरेटमध्ये घालून जिथं सापडली तिथंच परत ठेवतात. मग सगळ्यांनी तिथून निघून जायचं. अंधार पडला की आई येते, कॅरेट उलटं करते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. तिची फक्त एक अट असते, आसपास माणूस नको. पिल्लं मिळाली नाहीत तर ती शिवार सोडत नाही, आणि चिडलेली असते. हे सगळं मला पाठ होतं. तोंडपाठ!

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला टोळीतला एक जण पळत घरी आला, "पिल्लं हायेत, तीन." आमच्या यांनी लगेच वनखात्याला फोन लावला. मी कॅरेट घेऊन उसाकडे गेले. पाचटात तीन पिल्लं एकमेकांत शिरून पडली होती, मांजराच्या पिल्लांएवढी, डोळे नुकते उघडलेले, निळसर. त्यांना ऊन लागत होतं म्हणून टोळीतल्या माणसानं पोत्यानं उचलून कॅरेटमध्ये ठेवली. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं.

मग मी फोन काढला.

का काढला, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. मला कुठे चॅनल होतं? मला कोणाला काय दाखवायचं होतं? पण हात गेला, झालं. पिल्लं गोजिरवाणी होती आणि माझी मंचरची बहीण, पुण्याची सून, मुंबईची नणंद यांनी ती बघावीत असं वाटलं. मी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढला. पिल्लं, मग ऊस, मग थोडं वर, विहीर आणि पाण्याची टाकी. आणि वरून माझं लाडिक बोलणं, "बघा गं बायांनो, कोण पाहुणे आलेत आपल्या उसात!" घरच्या ग्रुपवर टाकला आणि घरी येऊन कणीक मळायला घेतली. घरचा ग्रुप म्हणजे घरच, अशी माझी समजूत. दार लावलेल्या खोलीत चार बायकांत बोलावं, तसं मी ते बोलले होते. त्या खोलीत पुतण्याही बसलेला असतो, हे ध्यानातच आलं नाही.

वनखात्याची माणसं बारा वाजता आली. पिल्लं ठणठणीत होती. पाचला परत ठेवू म्हणाले. अडीच वाजता रस्त्यावर पहिली मोटारसायकल थांबली. तीनला दहा झाल्या. चारला मोजायचं सोडून दिलं. बांधावर, विहिरीच्या कठड्यावर, आमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर माणसं. पिंपळवंडीचे आले, नारायणगावचे आले. दोघं तर कळंबहून आले होते, एवढं अंतर तोडून, मागच्या सीटवर बायको बसवून. एकानं मला विचारलं, "मावशी, पिल्लं कुठंशी हायेत? आणि चहाची सोय न्हाई का हितं?" दुसरा एक जण उसाच्या तुकड्याकडे पाठ करून स्वतःच्याच फोनशी बोलत होता, "मित्रांनो, मी आत्ता अशा जागी उभाय, जिथं कुठल्याही क्षणी बिबट्या झेप घेऊ शकतो." झेप घेतली असती तर बरं झालं असतं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुतण्याला गाठलं. तो अर्थातच पुढे होता, काठीला फोन लावून. मी सगळ्यांदेखत त्याला नाही नाही ते बोलले. "लाज वाटत नाही? आईला धुरात बसवतोस, ते पुरलं नाही का? आता जनावराच्या पोरांवर आलास? कोणी बोलावली ही जत्रा?"

तो ओशाळला नाही. गोंधळला मात्र. "काकी, मी कुठं काय काढलंय? तुमीच तर टाकला व्हता. मी निस्ता पुढं ढकलला." आणि त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

खाली ढोलकीचं संगीत घातलेलं होतं. त्यावर माझा आवाज. बघा गं बायांनो. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात, मला तो अजिबात परका वाटला नाही. अगदी माझाच होता, मिजासखोर. आणि शेवटी कॅमेरा वर गेला होता, टाकीकडे. टाकीवर सासऱ्यांचं नाव, गावाचं नाव, मळ्याचं नाव, हातभर अक्षरात रंगवलेलं. पत्ता मीच दिला होता. शेजारी उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "काकू, तुमीच का त्या? आवाज लई गोड आला तुमचा."



पाचला पिल्लं ठेवता आली नाहीत. वनखात्याचा माणूस हात जोडून सगळ्यांना सांगत होता, "माणसं हटली पायजेत, तोपर्यंत ती येणार न्हाई." लोक दहा पावलं मागे सरत आणि त्याची पाठ वळली की बारा पावलं पुढे येत. साडेसात वाजले. गारठा पडला. पिल्लं थंडीनं आखडतील म्हणून त्यांनी ती गाडीत घेतली, उद्या परत प्रयत्न करू म्हणाले. मग कोप्यांकडे जाऊन टोळीला सांगितलं, मादी रात्री इथंच फिरणार, पोरंबाळं घेऊन देवळाच्या सभामंडपात झोपा. मुकादम म्हणाला, बैल सोडून कसं जायचं? बैल गेले तर आमचं काय राहिलं? शेकोट्या मोठ्या करतो म्हणाले आणि राहिले तिथंच.

आमचं घर कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढचा हॉल मोकळा असतो, एक टीव्ही आणि एक दिवाण. "पोरांना तरी आमच्याकडे पाठवा," हे वाक्य मला सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण बारा पोरं, त्यांचे पाय, सकाळी फरशी, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी दाराला कडी लावली.

सकाळी ती बाई पाण्याला आली ती एकटीच. मी विचारलं, "पोरगी कुठाय?"

"झोपलीय. रातभर आमी कुणी झोपलो न्हाई." तिनं घागर हौदात बुडवली. "कुत्रं नेलं. माझ्या पोरीच्या उशाला व्हतं. पोतं वर झालं आन कुत्रं गेलं. आवाजसुदिक न्हाई केला त्यानं."

मी म्हटलं, "अगं बाई! मला हाक मारायचीस ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "काकू, तुमचं दार बंद व्हतं. आमच्या कोपीला दारच न्हाई," एवढंच म्हणाली आणि घागर डोक्यावर घेऊन गेली.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. पुतण्याला बोलावून घेतलं आणि म्हटलं, "माझा व्हिडिओ काढ." तो खूश झाला. मी टाकीखाली उभी राहिले आणि बोलले, की पिल्लं वनखात्यानं नेली आहेत, इथं आता बघण्यासारखं काही नाही, उगाच पेट्रोल जाळत येऊ नका. हे खोटं नव्हतं, पिल्लं त्या घटकेला त्यांच्याकडेच होती. पण संध्याकाळी परत येणार आहेत हे मी गाळलं, त्या अर्थी ते खरंही नव्हतं. पुतण्या म्हणाला, "काकी, शेवटी 'चॅनलला जोडले जा' म्हना की." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो हट्ट सोडला. त्याच्या आजवरच्या कुठल्याही भाकरीपेक्षा तो व्हिडिओ जास्त चालला म्हणे. खाली लोकांनी लिहिलं होतं, काकी खोटं बोलतात, काकींनी पिल्लं विकली, काकींना दम दिलाय. एकानं विचारलं होतं, काकी, साडी कुठून घेतली?

दुपारी आमच्या यांनी उसाच्या वाटेवर ट्रॉली आडवी लावली आणि स्वतः तिच्यावर विळा घेऊन बसले. तरी पाच-सहा गाड्या आल्याच. मी रस्त्यावर उभी राहून एकेकाला परत पाठवलं. एक पावणा म्हणाला, "मावशी, पाचच मिन्टं, लांबून." मी म्हटलं, "काल अशी पाच-पाच मिनिटं करून तुम्ही लोकांनी एका पोरीच्या उशाचं कुत्रं घालवलंत." त्याला काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून गेला. तुम्ही लोकांनी म्हणाले मी. तेव्हाही जिभेवर तेच आलं.

त्या संध्याकाळी मी कोप्यांवर गेले आणि सगळ्या बायका-पोरांना हॉलमध्ये आणलं, बैलांसाठी पुरुष मागे राहिले. पिल्लं कॅरेटमध्ये ठेवून वनखात्याची माणसं लांब रस्त्यावर गाडीत जाऊन बसली. कॅरेटजवळच्या खुंटावर त्यांनी एक छोटा कॅमेरा बांधला होता. त्याच्यामागे कोणी उभं नव्हतं, इतक्या दिवसांत तो एकच कॅमेरा मला सहन झाला. आम्ही घरातले दिवे घालवून बसलो. टीव्ही बंद, फोन उशीखाली. पोरं कुजबुजत होती. ती मुलगी माझ्या मांडीला टेकून बसली होती आणि तिचं अंग तापल्यासारखं गरम होतं. ती जागीच होती. दर थोड्या वेळानं दाराकडे बघायची, कडी आहे का ते. आठच्या आत फोन थरथरला. वनखात्याचा माणूस म्हणाला, "मावशी, तिन्ही नेली. तिसऱ्याला न्यायला जरा उशीर केला तिनं, पर आली." मला रडू आलं. बायकांनी पोरांना सांगितलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं नाही वाजवल्या. तिनं विचारलं, "आमचं कुत्रं पन आनलं का तिनं?"



दोन दिवसांनी राहिलेला तुकडा तोडून झाला आणि टोळी पुढच्या गावाला निघाली. तोड संपली की टोळीला गोडाचं जेवण द्यायचं आणि बायांची ओटी भरायची अशी आमच्या घरची पद्धत आहे. मी पुरणपोळ्या केल्या. सहाही जणींची खणा-नारळानं ओटी भरली. त्या बाईच्या ओटीत मी माझी एक बरी साडी घातली आणि पोरीसाठी झगा आणला होता तो दिला. तिनं सगळं पदरात नीट घेतलं, वाकून नमस्कार केला, म्हणाली, "काकू, तुमचं पानी गोड हाय." मनात काही ठेवून बोलणारी बाई नव्हती ती. मला फार बरं वाटलं. वाटलं, माफ केलं हिनं.

मुलीनं झगा तिथंच अंगात घातला. पिवळा होता, तिला मोठा होत होता, बाह्या कोपराखाली आल्या होत्या. त्यात ती बैलगाडीच्या साटीवर चढून बसली, पाय हलवत, ऊन तोंडावर घेऊन. इतकी गोड दिसली की मी कमरेचा फोन काढला आणि म्हटलं, "थांब गं, इकडे बघ, एक फोटो घेते तुझा."

बाई मोळीला दोर बांधत होती. तिनं दोर सोडला, दोन ढांगांत गाडीशी आली आणि मुलीचं तोंड आपल्या पोटाशी घेऊन वरून पदर घातला.

"नको काकू," ती हळूच म्हणाली. "तेवढं नको."